मूळचे कुठले?

तात्यांना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. कुठं ते अण्णा असतात, कुठं दाजी, कुठं निवृत्त भाऊसाहेब, पण लग्नाच्या मांडवात मागून खांद्यावर हात पडला आणि "पाव्हणं, कुठले?" असा आवाज आला की समजावं, तात्या आले. आपण भाबडेपणानं सांगतो, "पुण्याचा." तात्या मान हलवतात. "ते झालं राहायचं. मूळचे कुठले?"

मूळचं गाव सांगून सुटका होईल असं ज्यांना वाटतं, त्यांना तात्या अजून भेटलेले नाहीत. गावात घर कुठं, मारुतीच्या मागं की वेशीला? आजोळ कुठलं? थोरली आत्या कुठं दिली? पाचव्या प्रश्नाला तात्यांच्या मेव्हण्याच्या साडूची भाची आपल्याच गावात नांदत असल्याचं निष्पन्न होतं आणि तात्या टाळीसाठी हात पुढं करतात. "म्हणजे आपलेच की!" तोवर पहिली पंगत उठलेली असते आणि जिलबी संपलेली असते.

मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तात्या टेबलावर आडवे, डोळा बधिर, वर मोठा दिवा. तरी विचारलंच, "डॉक्टरसाहेब, मूळचे कुठले?" वरून एकच वाक्य आलं, "हलू नगासा." हिरवी पट्टी लावून बाहेर आल्यावर तात्यांनी घरच्यांना निकाल सांगितला, "नजरेचं काय ते उद्या कळंल. पण डॉक्टर कोल्हापूरकडचे निघाले." एकदा हेल्मेट नाही म्हणून हवालदारानं अडवलं. अर्ध्या तासानं तात्या पावती घेऊन परतले. दंड पुरेपूर भरला होता, पण हवालदाराची बहीण विट्याला दिल्याचं समजलं होतं. एवढ्या पैशात एवढी माहिती कुठं मिळते, असं त्यांचं म्हणणं.

शाळेत इतिहासाला तात्यांना जेमतेम मार्क होते. पण तोच इतिहास सोयरिकीच्या अंगानं विचारावा. होळकर कुठले? नीरेकाठच्या होळचे. ग्वाल्हेरचे शिंदे? सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. दर्यावर सत्ता गाजवणारे आंग्रे मूळचे संकपाळ, आंगरवाडीमुळं आंग्रे झाले. पेशवे श्रीवर्धनचे भट. लढाया कुणी जिंकल्या, तह कुठं झाले, हे तात्यांच्या लेखी किरकोळ. माणूस कुठून निघाला, एवढंच खरं. रामेश्वरच्या यात्रेत बस तंजावरला थांबली, तेव्हा सगळी मंडळी बृहदीश्वराच्या शिखराकडं माना वर करून बघत होती. तात्या मात्र आवाराच्या भिंतीला नाक लावून उभे. सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत त्या भिंतीवर कोरून घेतला आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. शेवटी दोघांनी दंडाला धरून आणलं, तेव्हा तात्या सद्गदित झालेले. "देवळाच्या भिंतीवर भावकी! राजा असावा तर असा."

त्यांची खरी कसोटी लागली ठाण्यात. मुलाच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांचं आडनाव पेणकर. तात्या खुश, आडनावातच गाव, अर्धं काम झालेलं. पण ते निघाले बेने इस्रायली. या समाजात पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी अस्सल कोकणी आडनावं आहेत, घरात मराठी आहे, इस्रायलला गेलेल्यांनी तिथूनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. तात्यांना यातलं काही माहीत नव्हतं. "पेणच्या आधी?" त्यांनी विचारलं. "नवगाव," गृहस्थ म्हणाले, "आमच्या पूर्वजांचं जहाज तिथं फुटलं असं आमच्यात सांगतात." "आणि त्याच्या आधी?" "इस्रायल." तात्या आयुष्यात प्रथमच गप्प झाले. चहाचा अर्धा कप संपला. मग चेहरा उजळला. "नवगाव म्हणजे अलिबागजवळचं ना? अलिबागला आमच्या साडूची बदली होती. म्हणजे आपलेच की!"

या विद्येत तात्यांचे गुरू म्हणजे हेळवी. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात सुगी आटोपली की हेळवी दारात येतो. पूर्वी बैलावरून यायचा, आता मोटरसायकलवरूनही येतो. ओसरीवर बसून जुनी वही उघडतो आणि मूळपुरुषापासून घरातल्या शेंबड्या पोरापर्यंत नावं म्हणत जातो. वर्षभरात झालेला जन्म लिहून घेतो, धान्य किंवा पैसे घेतो आणि पुढच्या घरी जातो. घरातली तरुण मंडळी मोबाइलमध्ये बघत बसतात. तात्या मांडी घालून समोर बसतात आणि मध्येच "थांबा, थांबा, तिथं दोन भाऊ होते" असं म्हणून हेळव्याचीच परीक्षा घेतात. त्र्यंबकेश्वरी उपाध्यांच्या नामावळीत आजोबांचा अंगठा बघितला त्या दिवशी त्यांनी घरी फोन केला. देवदर्शन झालं का, या प्रश्नाला उत्तर आलं, "ते बी झालं."

इथवर सगळं गमतीचं. पण तात्यांच्या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे आणि ती त्यांना स्वतःला पुरती ठाऊक आहे. आडनावावरून माणसाची जात कळत नाही. पवार, जाधव, गायकवाड ही आडनावं कितीतरी जातींत सापडतात. म्हणून मग गाव. गावावरूनही उलगडा होईना, तर कुलदैवत. खंडोबा आणि जोतिबा तर सगळ्यांचेच, म्हणून मग देवक, नाहीतर थेट, "तुमच्या गावात आमुक तमुकांचं घर आहे, त्यातले का?" जात न विचारता जात काढून घेण्याची ही रीत इतकी गोड आहे की समोरच्याला चहाही मिळतो. उत्तर भलतीकडचं आलं की तात्या "असं होय," म्हणतात आणि बशीत चहा ओततात. टाळीसाठी हात पुढं येत नाही. इस्रायलपर्यंत पोचणारं "आपलेच की" कधी कधी गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत पोचत नाही. तात्यांनी यावर कधी बोलून दाखवलेलं नाही, आणि तात्या ज्यावर बोलत नाहीत अशा गोष्टी जगात फारच थोड्या आहेत.

2023 च्या सप्टेंबरनंतर मात्र तात्यांचे दिवस पालटले. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगाव माणसं जुनी दप्तरं उपसू लागली. गाव नमुना 14, कोतवाल बुक, शाळेचं रजिस्टर, मोडीतली पिवळी पानं. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. 26 जानेवारी 2024 च्या मसुद्यात तर सरकारनं 'सगेसोयरे' कोण याची व्याख्याच छापली. तात्यांनी ते वर्तमानपत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि महिनाभर दाखवत फिरले. ज्यांनी त्यांना मांडवात चुकवून मागच्या दारानं पळ काढला होता, ते आता पेढे घेऊन ओसरीवर बसू लागले. "तात्या, आमच्या खापरपणजोबाचं नाव काय?" तात्या आधी विचारत, "ते सांगतो. पण त्या दिवशी पंगतीतनं उठून कुठं गेलतास?"

तात्यांच्या वहीत अकरा पिढ्या आहेत आणि एकही बाई नाही. ती वंशावळ वाचणाऱ्याला वाटावं, या घराण्यात पुरुषांना पुरुष होत गेले. मुली "दिल्या", सुना "केल्या", आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव गेलं. मग सरकारी नियम आला: 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग बापाचं. "आता वहीत रकाना कुठनं काढू?" तात्या करवादले. तरी पट्टी घेऊन बसले. आईचं नाव लिहिलं. आजीपाशी पेन थांबलं; त्यांना ती फक्त 'आजी' म्हणूनच माहीत. तात्यांची बायको, सगळ्यांच्या काकी, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी चार पिढ्यांतल्या बायकांची सासरची नावं, माहेरची नावं, माहेरची गावं, बाळंतपणात गेलेली एक आणि विहिरीत गेलेली एक, अशी सगळी यादी सांगून टाकली. "तुला कसं ठावं?" "सासूबाईंनी सांगितलेलं. तुम्ही कधी विचारलं न्हाई." त्या संध्याकाळी तात्यांनी कुणालाही मूळचे कुठले ते विचारलं नाही.

एवढा सोयरेधायऱ्यांचा पसारा, पण सख्ख्या चुलत भावाशी तात्यांचं बोलणं नाही. मध्ये बांध आहे. बांध हातभर कुणी कोरला यावर दिवाणी दावा चालू आहे. वकील बदलले, न्यायाधीश बदलले, बांधावरची बाभळ वठली. तात्या त्या भावाला नावानं हाक मारत नाहीत, 'पलीकडचा' म्हणतात. वहीत अख्खी वंशावळ शाईत आहे, पलीकडच्याची फांदी तेवढी पेन्सिलीनं.

आणि गाठ नेमकी तिथंच पडली. तात्यांना मुलगा एकच, त्याला मुलगी एकच. महाराष्ट्रात आता सरासरी बाईमागं दोनसुद्धा मुलं नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं 2019-21 मध्ये हा आकडा 1.7 काढला. तात्यांना आकडा माहीत नाही, पण वहीच्या शेवटच्या पानावर एकटंच नाव दिसतं, त्याच्या शेजारी लिहायला कुणी नाही. नातीला काका नाही, आत्या नाही, चुलत भावंड नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात पडताळणीचा दाखला हवा. पडताळणी समितीपुढं वंशावळीचं शपथपत्र लागतं, 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाकडं वैधता प्रमाणपत्र असलं तर काम पुष्कळ सोपं होतं. तात्यांनी हेळव्यापासून हवालदारापर्यंत सगळे सोयरे आठवून बघितले. साडू चालत नाही, मेव्हणा चालत नाही, अलिबागची बदली चालत नाही. वैधता प्रमाणपत्र होतं एकट्या पलीकडच्याच्या थोरल्या मुलाकडं.

दोन दिवस तात्या जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी टोपी घातली, वही काखेत मारली आणि बांध ओलांडला. पलीकडच्यानं बसायला सांगितलं नाही. त्याच्या बायकोनं सांगितलं. पाणी आलं. कागद काय हवा ते कळल्यावर त्यानं मुलाला झेरॉक्स काढायला पिटाळलं आणि स्वतः शपथपत्र द्यायलाही कबूल झाला. या सगळ्यात एक शब्दही वावगा गेला नाही. मग त्यानं वही मागून घेतली आणि बराच वेळ उलटीसुलटी बघितली.

"आमची फांदी पेन्सिलीनं का रं?"

"निकाल लागला की शाईनं करतो."

तो हसला की नाही हे तात्यांनी घरी सांगितलं नाही. मात्र वहीवरून वाद झालाच. पणजोबांची थोरली बायको कुठली आणि धाकटी कुठली, यावर दोघं दिवे लागेपर्यंत भांडले. शेवटी काकींना बोलावून आणावं लागलं आणि दोघंही चूक निघाले.

नातीला दाखला मिळाला, प्रवेशही मिळाला. बांधाचा दावा मागं घेण्याचा विषय कुणी काढलेला नाही, कारण हातभर जमीन ती हातभर जमीनच. फक्त तारखेला तालुक्याला जायला आता दोघं एकाच वडापनं जातात, भाडं आळीपाळीनं देतात, आणि कोर्टाच्या आवारात आपापल्या वकिलाकडं पांगण्याआधी डबा एकत्र सोडतात. गेल्या तारखेला नवे न्यायाधीश आले होते. तात्यांनी पलीकडच्याला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "हे रं कुठले?"