सात नंबरचं कपाट

कार्यवाह महोदय,

पत्राच्या मायन्यात 'सादर प्रणाम' लिहायची मला सवय आहे. या वेळी ते शब्द लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात तुम्ही आपल्या वाचनालयातलं सात नंबरचं कपाट रिकामं केलंत. त्यातल्या रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा आणि शिवून ठेवलेले कॉमिक्सचे गठ्ठे पोत्यांत भरून रद्दीवाल्याला किलोवर विकलेत. इतिवृत्तात तुमच्या सहीचा ठराव आहे : 'जीर्ण व साहित्यमूल्य नसलेली पुस्तके निर्लेखित करण्यात आली.' ठराव मी दोनदा वाचला. त्यात त्या पुस्तकांवर दोन आरोप आहेत. पुस्तकांना तोंड नाही, म्हणून त्यांच्या वतीनं मी बोलते.

आधी 'जीर्ण' हा शब्द घेऊ. बातमी कळल्यावर मी रद्दीच्या दुकानात धावले. वरच्याच पोत्यात नारायण धारपांची एक कादंबरी मिळाली. आत आपल्या वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, त्याखाली शाईनं लिहिलेला दाखल क्रमांक. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी. ती भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली, दुसरी भरली म्हणून तिसरी. नखानं हलकेच उचलून पाहिलं तर सगळ्यांत खालच्या चिठ्ठीवर १९७९ सालचा शिक्का होता. तिथून वर आठ-आठ, दहा-दहा दिवसांच्या अंतरानं तारखा, दाटीवाटीनं, शिक्का शिक्क्यावर चढलेला. पुठ्ठ्याच्या पाठीला रेक्झिनची पट्टी, शिलाई दोनदा घातलेली, आणि ६१ व्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा. गॅसवर भाजी ठेवून पुस्तक हातात घेतलेल्या कुण्या बाईचा तो अंगठा आहे. तिला पान उलटायची एवढी घाई होती की हात पुसायला तिला सुचलं नाही.

याला तुम्ही जीर्ण म्हणता. हे पुस्तक वाचून वाचून झिजलंय, साहेब. दर्शनी भागातल्या काचेच्या कपाटातले ग्रंथ एकदा बाहेर काढा आणि त्यांच्या चिठ्ठ्या बघा. काहींच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही, पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. त्या ग्रंथांशी माझं भांडण नाही, त्यातले बरेच मी वाचलेत. पण कुठलं पुस्तक ठेवायचं हे ठरवायला बसलात तेव्हा तुम्ही वाचकांचे शिक्के मोजले नाहीत, फक्त पुठ्ठे पाहिलेत.

आता दुसरा आरोप, साहित्यमूल्याचा. माझी आई चौथी शिकलेली. वडील वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायचे, एका वेळी दोन. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही आमच्या घरात पाहुण्यांसारखी वावरणारी माणसं होती. जेवणं उरकली की आई ओट्यापाशी पाटावर बसून वाचायची, आधी ओळीखाली बोट ठेवून, मग बोटाशिवाय. पुढे ती 'स्मृतिचित्रे'पर्यंत गेली. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे अर्नाळकर ही पायरी झाली. नाही. पायरीवर पाय ठेवून माणूस वर निघून जातो. आई 'स्मृतिचित्रे' वाचून पुन्हा अर्नाळकरांकडे आली आणि शेवटपर्यंत दोन्ही वाचत राहिली. या लेखकांची बाजू घेणारेसुद्धा 'वाचनाची गोडी लावतात हो' म्हणून त्यांना उंबऱ्याबाहेर बसवतात. मला ती बाजू नको. ही पुस्तकं स्वतःच्या बळावर चांगली आहेत, आणि कशी ते सांगते.

धारपांपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पोत्यात सगळ्यांत जास्त तेच होते. त्यांची भीती वाड्याच्या तळघरात क्वचितच सुरू होते. ती ब्लॉकमध्ये सुरू होते, बदली होऊन आलेल्या नोकरदाराच्या घरात, चहाच्या कपाशी. नवरा-बायको बोलत असतात, मूल गृहपाठ करत असतं, आणि एका साध्या वाक्यात काहीतरी खटकतं. मग पन्नास पानं धारप घाई करत नाहीत. घराची दारं, खिडक्या, जिना, अंगण, सगळं आपल्याला पाठ होऊ देतात, कारण पुढे अंधारात आपल्यालाच त्या घरातून चालायचं असतं. मोठ्या आवाजाचा एकही शब्द न वापरता अंगावर काटा आणणं ही कारागिरी आहे. 'लुचाई'चा सांगाडा स्टीफन किंगच्या कादंबरीचा आहे, हे मलाही ठाऊक आहे, आणि असं ऋण ठळकपणे सांगायला हवं असं माझं मत आहे. पण परक्या भुताला मराठी गावात आणून त्याला इथल्या बोळांतून फिरवणं नुसत्या अनुवादानं होत नाही. वाचून बघा, मग बोला. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटातली म्हातारी पाहून थिएटरात माणसं खुर्चीला घट्ट धरून बसली होती. तिचं मूळ धारपांच्या कथेत आहे. ज्यांना तुम्ही साहित्यमूल्य नाही म्हणून पोत्यात कोंबलंत, तेच हे धारप.

सुहास शिरवळकरांचंही तसंच. २०१३ साली 'दुनियादारी' चित्रपट गावोगावी हाउसफुल झाला, आणि कॉलेजातली पोरं कादंबरी मागायला आपल्या वाचनालयात आली. पण शिरवळकर म्हणजे फक्त 'दुनियादारी' नव्हे. फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन, दारा बुलंद असे एकाच लेखकाचे चार नायक, आणि चौघांची बोलण्याची ढब वेगळी. संवादावर गोष्ट पळवावी ती शिरवळकरांनी. त्यांचे नायक कधी कधी फार ऐट करतात आणि बायकांशी बोलताना ती ऐट मला टोचते. तरीही एका बैठकीत पुस्तक संपवायला लावणारा असा लेखक माझ्या पिढीला दुसरा भेटला नाही. रत्नाकर मतकरींचं तर मी काय सांगावं? मुलांना 'अलबत्या गलबत्या' देणारा हाच माणूस मोठ्यांना 'खेकडा' वाचायला देऊन रात्री दिवा चालू ठेवायला लावतो.

आणि विज्ञानकथा? त्या कपाटात जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' होतं. १९७४ साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावानं पाठवली. नाव घेतलं होतं नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. नावाचा दबाव नको, कथेला कथा म्हणून जोखा, एवढंच त्यांना हवं होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्याच नारळीकरांना २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. परीक्षकांनी पुस्तकाकडे असं, नाव बाजूला ठेवून पाहायचं असतं, महोदय. तुम्ही पोत्यात भरताना एक तरी पान उघडलंत का?

'असल्या पुस्तकांनी पोरं बिघडतात' असंही तुम्ही बैठकीत म्हणालात, असं एका सदस्यानं मला सांगितलं. हा खटला जुना आहे आणि निकालात निघालाय. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, शिक्षाही झाली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ साली न्यायालयानं कथा संपूर्ण वाचली आणि ती अश्लील नाही असा निकाल दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लोकप्रिय लेखकाची एक कथा सबंध वाचायला वेळ होता.

कॉमिक्सबद्दल लिहिताना मात्र माझा राग आवरत नाही. आपल्या जुन्या ग्रंथपालांनी इंद्रजाल कॉमिक्सचे सुटे अंक जमवून, सहा-सहाचा एकेक गठ्ठा करून, टोच्यानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवले होते. घरून खळ करून आणायचे आणि फाटलेल्या पानांना पतंगाचा पातळ कागद लावायचे. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. ते अंक पुन्हा छापून येणार नव्हते, हे त्या माणसाला कळत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या गठ्ठ्यांसाठी आम्ही दार उघडायच्या आधी रांगेत उभे असायचो. त्यातला नायक वेताळ, त्याच्या अंगठीवरची कवटी ठोसा बसलेल्या गुंडाच्या जबड्यावर उमटायची, म्हणून माझ्या भावानं बॉलपेननं स्वतःच्या बोटावर कवटी काढून घेतली होती. साय बॅरींच्या चित्रांतली जंगलातली काळीभोर रात्र मला आजही डोळे मिटून दिसते. काळ्या माणसांच्या जंगलावर गोऱ्या माणसाची सत्ता ही त्यातली खोट मोठेपणी कळली, आणि म्हणूनच १९७६ मध्ये आलेला आबिद सुरतींचा बहादूर मोठा वाटतो. भगवा कुर्ता, जीन्स, दरोडेखोराचा मुलगा, आणि दरोडेखोरांशी लढायला गावकऱ्यांना उभं करणारा. आपल्याच मातीतला नायक चित्रकथेत आम्ही त्याच्या रूपानं पाहिला. ते शिवलेले गठ्ठे तुम्ही इतर कागदांबरोबर तराजूत टाकलेत. एकाही गठ्ठ्याचा दोरा तुटलेला नव्हता.

या पुस्तकांची आणखी एक अडचण तुम्हाला ठाऊक असायला हवी होती. ती स्वस्त कागदावर छापली गेली आणि घरात जपून ठेवायची रीत नव्हती. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, आणि त्यांतली बहुसंख्य आज दुकानात मागून मिळत नाहीत. ती टिकली असतील तर आपल्यासारख्या तालुक्याच्या वाचनालयांतच. ज्ञानेश्वरीची प्रत हरवली तर उद्या दुसरी आणता येते. त्या पोत्यातल्या अर्नाळकरांची दुसरी प्रत तुम्ही कुठून आणणार आहात?

जागा नव्हती असं म्हणाल, तर सभासदांना विचारायचं होतं. फळ्यावर एक ओळ लिहिली असती, 'ही पुस्तके घेऊन जा', तर संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं झालं असतं आणि प्रत्येक पुस्तक एका घरात पोचलं असतं.

रद्दीवाल्याकडची दोन पोती मी पोचायच्या आधीच पुढे गेली होती, कागदाच्या लगद्यासाठी. उरलेल्यातून त्रेचाळीस पुस्तकं आणि कॉमिक्सचे तीन गठ्ठे मी विकत घेतले. ते माझ्या घरी बाहेरच्या खोलीत आहेत. मी ते वाचनालयाला परत द्यायला तयार आहे. वार्षिक सभेत हा ठराव मागे घ्या, सात नंबरचं कपाट पूर्वीच्या जागी ठेवा आणि त्याची किल्ली ग्रंथपालांकडे द्या. मी सभेला येणार आहे आणि हा विषय मांडणार आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या सभासदांनो, आपल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का असलेली एखादी रहस्यकथा वर्षानुवर्षं तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, माहेरच्या फडताळात राहून गेली असेल. ती शोधा आणि आणून द्या. जितक्या वर्षांचा दंड होईल तेवढा मी भरीन.

आपल्या वाचनालयाची अडतीस वर्षांची सभासद