शेरीनाल्याचे घटनावाचन

१९७६ च्या घटनादुरुस्तीने नद्यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. १९९२ च्या दुरुस्तीने पर्यावरणरक्षण बाराव्या अनुसूचीत घालून ते नगरपालिकांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. सांगलीचा शेरीनाला यातले काहीच न वाचता वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी कृष्णेत ओतत आला. आता कोणी कायदेपंडित म्हणेल, अनुसूची नुसती मुभा देते, सक्ती करत नाही. अगदी बरोबर! पण सांडपाण्याची विल्हेवाट हे महापालिका अधिनियमातले बंधनकारक काम आहे, तिथे मुभा नाही. मग उरते हुकमी उत्तर: निधी नाही. हेच उत्तर घरपट्टी थकवणाऱ्या सांगलीकराने देऊन पाहावे. दरमहा २ टक्के शास्ती लागते, आणि तिचा हिशेब कधीही चुकत नाही.