रिप्लेस ऑल

गडमुडशिंगीत तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे विमानासारखाच: उजळाईवाडीचा विमानतळ शेजारी, पण आमच्या गल्लीत चढलेलं कुणी नाही. मी मात्र कोल्हापुरात क्लास लावून फॉक्सप्रो शिकलो आणि घरी जाहीर केलं, "ही चौथ्या पिढीची भाषा आहे."

आजीनं विचारलं, "मग आदल्या तीन कुठं गेल्या? वाटण्या झाल्या व्हय?"

मी सांगत बसलो. पहिली म्हणजे यंत्राचीच भाषा, नुसते शून्य आणि एक. दुसरी असेंब्ली, त्याच आकड्यांना आखूड नावं. तिसरी १९५७ची फोर्ट्रान, मागून कोबोल, सी: लिहायचं माणसासारखं, पण पायरी न् पायरी आपणच सांगायची. चौथीत काय पाहिजे तेवढंच सांगायचं. कसं, ते तिचं ती बघते.

"म्हंजे तुझ्या आज्यावानी. नुसतं 'वाढ' म्हनायचं. डब्यात पीठ हाय का न्हाई, त्यास्नी काय त्येचं!"

एवढी नेमकी व्याख्या माझ्या वहीत नव्हती. (खरं तर हे नंबर मागाहून पडले; असेंब्लीला जन्मताना आपण दुसऱ्या आहोत हे कुठं ठाऊक होतं? आणि फॉक्सप्रोतही लूप लिहावे लागतच, म्हणजे ती फार तर साडेतिसरी.)

त्या भरात मी एका दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल अंगावर घेतलं. म्हशीच्या दुधाचा दर बदलला होता. कोबोलमध्ये एकेक नोंद उघडून, तपासून, बदलून पुढं सरकावं लागलं असतं. मी एकच ओळ ठोकली: रिप्लेस ऑल. पुढं 'फॉर' घालून 'म्हैस असेल तरच' म्हणायचं राहिलं. पापणी लवायच्या आत संस्थेच्या तमाम गाई म्हशी झाल्या.

दोन दिवस कुणाला पत्ता नाही, कारण तक्रार करणार कोण? गाईवाले मला हाक मारून चहा पाजत होते. सेक्रेटरींनी एकूण रक्कम बघितली आणि माझा चहा बंद झाला.

जादा पैसे परत आणायचं काम अर्थात माझ्याकडं. दार वाजव, चहा नको म्हण, विषय काढ, शिव्या खा, पुढच्या दारात जा. अस्सल तिसरी पिढी! अडचण सांगितली की वाट स्वतः शोधणाऱ्या पाचव्या पिढीसाठी जपाननं १९८२ पासून दहाएक वर्षं खटपट केली. ती माझ्या हाती असती तर तिलाच दारोदार धाडली असती.

शेवटच्या घरी आजोबांनी बिल नीट घडी घालून खिशात ठेवलं. गोठ्यातल्या गाईकडं बोट दाखवून म्हणाले, "कॉम्प्युटर म्हैस म्हनतोय न्हवं? मग म्हैसच ती. मशीन खोटं बोलंल व्हय, बाळा?"