फक्त क्लच प्लेट

ज्याच्या दारात जुनी पिकअप उभी आहे अशा कुठल्याही माणसाला विचारा, "त्रास काय देते का?" तो आधी दुखावतो. मग तळहातावरची तंबाखू मळत, गाडीकडं न बघता सांगतो, "नाय ओ. आजवर एक रुपया नाय लावला." इथं आपण गप्प राहायचं असतं. बोललो तर विषय संपतो. नाही बोललो, तर तंबाखू ओठाआड गेल्यावर, जरा वेळानं, हळूच येतं, "फक्त क्लच प्लेट टाकली."

या 'फक्त'ची मी वही घातली आहे. बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं येतं काय? स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी नारायणगावजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, जाहीर केलं की आता भाड्याच्या गाडीनं टोमॅटो पाठवणं बंद. टोमॅटोचं पीक लहरी. २०२३च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला आणि एरवी तोडणीची मजुरी निघेना म्हणून माल बांधावर ओतायची पाळीही येते. भाडं मात्र कधी खाली आलेलं कुणी पाहिलेलं नाही. नवी गाडी घ्यायची तर आठ-दहा लाखांची बात, म्हणून जुनी. "बाळ्या, तू वही घे आणि चल," तात्या म्हणाले. पंचावन्नाव्या वर्षी मला बाळ्या म्हणणारं एवढंच माणूस उरलंय, म्हणून गेलो.

तात्यांच्या डोक्यातलं पंचांग गाड्यांचं आहे. ४०७ निघाली ते १९८६, त्या साली त्यांचं लग्न. छोटा हत्ती निघाला २००५ साली, तेव्हा विहिरीला पाणी लागलं. गाडीची जात मात्र त्यांच्या लेखी एकच, टेम्पो. हे नाव मुळात हँबुर्गच्या एका जर्मन कारखान्याचं. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोबरोबर ते आपल्याकडं रुळलं. २००५ मध्ये कंपनीनं स्वतःच ते नाव टाकून दिलं, पण तात्यांना ते कुणी कळवलेलं नाही. हौदा दिसला की टेम्पो.

महिनाभर आम्ही मालक बघत हिंडलो. गाड्या म्हणत नाही मी मुद्दाम. गाडी बघायला पंधरा मिनिटं पुरतात, मालकाला अख्खी दुपार लागते.

ओतूरचे एक कांदावाले होते. त्यांच्या गाडीवर फक्त हाफ इंजिन झालं होतं. हाफ इंजिन म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं असं पोटातलं बरंच काही नवं. मी म्हटलं, हा खर्चच की. ते म्हणाले, "तो कसला खर्च? फुल इंजिन केलं असतं तर खर्च." आणे पठारावरच्या एकाची गाडी मीटरवर दोन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली होती. तात्यांनी विचारलं, काटा चालतो का? केबल तुटून सहा वर्षं झाली होती. म्हणजे गाडी रोज पळत होती, पण तिचं वय वाढत नव्हतं. मालक हे इतक्या निरागसपणे सांगत होते, की मला क्षणभर त्या गाडीचा हेवा वाटला.

तिसऱ्याकडं कळलं, की 'बंद पडणे' या क्रियापदाचाही प्रत्येकाचा वेगळा अर्थ असतो. "रस्त्यात कधी सोडलं नाय हिनं," असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. त्याची बायको चहा घेऊन आली होती. "मंगळवारी?" एवढंच म्हणाली. "ते फाट्यावर होतं," तो म्हणाला. "फाटा काय रस्ता हाय का?" पुढं चौकशीत उघड झालं, की घरापासून तीन किलोमीटरच्या आत थांबलेली गाडी ते धरतच नाहीत. शिवाय रात्री थांबलेली धरत नाहीत. आणि धक्का मारून सुरू झाली तर ती मुळात थांबलीच नव्हती.

खोटं बोलतात का ही माणसं? वही मिटून विचार केला, तर तसं वाटत नाही. त्याच गाडीनं मुलीच्या लग्नाची भांडी आणलेली असतात, रात्री दोनला आईला दवाखान्यात नेलेलं असतं. चारशे वेळा पोचवलं आणि एकदा पोचवलं नाही, तर त्या एका वेळेचा उल्लेख करणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटत असावं. माझ्या बँकेत उलट होतं. चारशे हप्ते भरलेल्या माणसाचं नाव आम्हाला ठाऊक नसायचं. एक चुकला की फाइल लाल.

शेवटी घेतली ती एका दूधवाल्याची, २००८ची, एमएच-१४ पासिंगची. कंपनीचं नाव लिहीत नाही. बदनामी झालेली तात्यांना खपायची नाही. या मालकानं विचारायच्या आधीच खोडी सांगायला सुरुवात केली. हँडब्रेक नाही. क्लिनरच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. रिव्हर्स टाकताना आधी तिसरा घालायचा, मग ती ऐकते. थंडीत हीटर प्लगवर वीसपर्यंत आकडे मोजायचे, एकोणीसला सेल मारला तर तुमची जबाबदारी. तात्यांनी तिथंच सव्वादोन लाखाला सौदा तोडला. परत येताना म्हणाले, "बेल्ह्याच्या बाजारात मी एक शिकलो. खोड नसलेला बैल नसतो. खोड न सांगणारा मालक असतो."

गेल्या चौदा महिन्यांत माझ्या वहीप्रमाणे गाडीवर एकसष्ट हजार तीनशे चाळीस रुपये खर्च झाले. तात्यांच्या हिशेबाप्रमाणे शून्य. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण टायर ते धरत नाहीत ("चप्पल झिजली तर पाय बिघडला म्हणतोस का?"), ऑइल धरत नाहीत, आणि स्प्रिंगचे पाटे तर मुळीच नाही. पाट्यांचं खरं तर गाडीलाही वाईट वाटत असेल. कागदावर ती सव्वा टनाची. टोमॅटोचे शंभर क्रेट भरले की दोन टन होतात, आणि शंभरावर कुणी थांबत नाही. म्हणून आमच्याकडं गाडी घेतली की आधी पाटे वाढवतात. मग रिकाम्या गाडीत बसलं की कमरेचा एकेक मणका आपापलं नाव सांगतो, आणि भरलेल्या गाडीत तोच जास्तीचा पाटा एक दिवस कडकन तुटतो. आमचे मिस्त्री, ज्यांचं गॅरेज म्हणजे चिंचेच्या झाडाखालचा एक लाकडी ओंडका आणि पान्यांचा पत्र्याचा डबा, दर वेळी तेच म्हणतात, "गाडीत काय बिघाड नाय. माणसाच्या हावरेपणाचं स्पेअर मिळत नाय."

मिस्त्री जुन्या गाड्यांचे फार भक्त. नव्या डिझेल गाडीत सेन्सर, संगणक. ती रुसली की आधी स्कॅनर लावून तिला विचारावं लागतं काय झालं. जुनीचा पंप सगळा लोखंडी चाकोरीतला. कान लावला की कळतं, कुठलं नोझल टपकतंय. "जुन्या गाड्या दणकटच," ते म्हणतात आणि पुरावा म्हणून रस्त्याकडं बोट दाखवतात, जिथून वीस-वीस वर्षांच्या गाड्या धूर सोडत जात असतात. मला एकदा म्हणावंसं वाटलं, की ज्या दणकट नव्हत्या त्या भंगारात गेल्या, म्हणून तर रस्त्यावर दिसत नाहीत. पण त्यांच्या हातात तेव्हा २४चा पाना होता.

मेलबर्नला असलेल्या माझ्या भाच्याला आमच्या खरेदीचा पत्ता लागला आणि त्यानं एक व्हिडिओ पाठवला. बीबीसीवरच्या टॉप गिअर या कार्यक्रमातला, २००३ सालचा. त्यात त्या मंडळींनी १९८८ची एक टोयोटा हायलक्स पिकअप झाडावर आदळली, भरतीच्या पाण्यात बुडवली, तिच्यावर कॅरॅव्हॅन टाकली, आग लावली. शेवटी साधारण दोनशे चाळीस फूट उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून सुरुंगानं ती इमारतच पाडली. ढिगाऱ्यातून काढल्यावर साध्या हत्यारांनी खटपट केली, आणि ती सुरू झाली. पुढं तिला संग्रहालयात ठेवलं. तात्यांनी चष्मा पुसून, ओसरीवर बसून, ते सगळं पाहिलं. आगीच्या वेळी "अरे अरे अरे" म्हणाले. संपल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चांगली हाय. पण हौदा रिकामा होता."

आणि जरा वेळानं, "पासिंगला नेली का?"

हा प्रश्न ज्यांनी आठ वर्षांपेक्षा जुनी मालवाहू गाडी दरवर्षी पासिंगला नेलीय त्यांनाच कळेल. समुद्र, आग, सुरुंग हे सगळं एकदाच होतं. पासिंग दर वर्षी येतं. आदल्या रात्री आम्ही कुणाकडून तरी इंडिकेटरची काच आणतो, मिस्त्री हँडब्रेकची केबल आवळतात, तात्या हौद्याच्या फाळक्याला रंग देतात. त्या एका दिवशी आमची गाडी खरोखर एक रुपया न लावलेल्या गाडीसारखी दिसते. केबल चार दिवसांत पुन्हा सैल पडते, म्हणून सीटखाली कायम एक काळा दगड असतो. गाडी उभी केली की उतरून चाकाला दगड लावणं हे माझं काम. बँकेत शेवटी शेवटी माझ्यावर याहून कमी जबाबदारी होती.

गेल्या जुलैत कल्याणच्या बाजाराचा माल होता. नव्वद क्रेट. आळेफाट्यावर चहा झाला, ओतूर मागं पडलं, आणि माळशेज घाटाच्या तोंडाशी पावसानं गाठलं. घाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावरच उतरतात. समोर कठडा आहे की नुसती आशा, हे कळत नाही. तिथं वायपर गेला. तात्यांनी गाडी बाजूला घेतली, चंची काढली, चिमूटभर तंबाखू ओल्या काचेवर चोळली. त्यानं थेंब धरत नाहीत, पाणी सपाट होऊन ओघळतं आणि दिसायला लागतं. "खायला बी होते आणि बघायला बी," ते म्हणाले. मी वहीत नोंद केली नाही. तंबाखू त्यांचीच होती.

दोन वळणं उतरलो, आणि इंजिन दोन उचक्या देऊन गप्प झालं. डिझेल कमी, त्यात उतार. टाकीतलं डिझेल पुढं सरकलं आणि पाइपानं हवा ओढली. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळं लाइनीत बुडबुडा शिरला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. हे मला आता पाठ आहे. इलाजही पाठ आहे : कॅनमधलं डिझेल टाकीत ओतायचं, फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप दाबत राहायचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. आतून दार उघडत नसल्यामुळं मी खिडकीतून हात बाहेर काढून दार उघडलं, सीटखालचा दगड घेऊन उतरलो, पुढच्या चाकापुढं लावला, आणि मोबाइलचा उजेड धरून उभा राहिलो. तात्यांचे हात कोपरापर्यंत काळे, टोपीवरून पाणी गळतंय, आणि बोल्टाशी नुसता फेस.

तेवढ्यात खालून रिकाम्या क्रेटांचा खडखडाट करत एक पिकअप वर आली. आमच्यापेक्षा जुनी, एक दिवा पिवळा, एक पांढरा. शेजारी येऊन थांबली. चालवणारा चाळिशीचा असेल. त्यानं काच खाली केली, म्हणजे हातानं खाली ढकलली.

"काय बाबा, बंद पडली का?"

तात्यांनी कंबर सरळ केली. "नाय नाय," म्हणाले. "थांबलीय."

त्यानं उघडं बॉनेट बघितलं, फेस बघितला, उजेड धरलेला मी बघितला.

"आमची बी इथंच थांबते," तो म्हणाला. बाहेर हात काढून त्यानं आपलं दार उघडलं, खाली उतरला, सीटखाली वाकून एक दगड काढला आणि आमच्या चाकापुढं, आमच्या दगडाशेजारी ठेवला.