दोन नळ्या आणि एक धोतर

घरात बंदूक आहे असं सांगितलं की मुंबई-पुण्याची मंडळी खुर्ची जराशी मागे घेतात. कुडाळ-सावंतवाडीकडे कुणी मान वर करूनही बघत नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आमच्याकडे पुष्कळ घरांत आहेत, आणि ज्याच्या घरी बंदूक असते त्याची लोकांना भीती वाटत नाही, कीव येते. बार काढायला एक बोट पुरतं. नळ्या साफ करायला अख्खं घर लागतं.

आमची बंदूक आजोबांनी घेतलेली. बाराबोरची, दुनळी, विलायती. रानडुकरांनी भातात लोळू नये आणि माकडांनी नारळ पाडू नयेत, एवढीच अपेक्षा. डुकराला मारायचं तर 1972च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, म्हणून बंदुकीचं काम हवेत बार काढून दरारा बसवण्याचं. पहिल्या वर्षी डुकरं म्हणे पळाली. दुसऱ्या वर्षी थांबून ऐकू लागली. माकडं अजूनही एका माडावरून दुसऱ्या माडावर जातात, पण केवळ आमचं मन राखायला.

बंदुकीची खरी लढाई आहे ती दमट हवेशी. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, कपाटातल्या लग्नाच्या शालूला येते, मग पोलादी नळीने काय घोडं मारलंय? तिच्यात गंज चढतो. म्हणून पाऊस सरला की खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बंदूक माळ्यावरून खाली येते. नवमीला तिची पूजा असते. ओलं गंध, हळदकुंकू आणि बादलीतून नुकतीच काढलेली झेंडूची फुलं. आदल्या दिवशी जो ओलावा आम्ही घाम गाळून काढतो, तो दुसऱ्या दिवशी भक्तिभावाने परत घातला जातो. "फुलं जरा निथळून वाहा" असं काकूला सुचवून पाहिलं. "देवीला चालतात ती हिला चालत नाहीत? एवढी कोण लागून गेली?" असं उत्तर आलं.

साफसफाईचे मुख्य अधिकारी काका. ते निवृत्त शिक्षक असल्यामुळे बंदूक उघडायच्या आधी ते बंदुकीवर बोलतात. बाराबोर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी होईल तेवढं नळीचं भोक, साडेअठरा मिलिमीटर. देशात किलो येऊन साठ वर्षं उलटली, बंदूक अजून पौंडातच आहे. मग पुढचा लाकडी तुकडा निघतो, नळ्या दस्त्यापासून सुटतात आणि खालच्या सपाट भागावरचे शिक्के दिसतात: मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी. आजोबा शेवटपर्यंत सांगत की बीपी म्हणजे ब्रिटिश पार्लमेंट. प्रत्यक्षात ही बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची 1904पासूनची खूण. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर 'लंडन' कोरलेलं आहे, कारण बर्मिंगहॅमला बनवायचं आणि लंडनच्या दुकानाच्या नावाने विकायचं हा तिथला जुना धंदा. आजोबांनी भाव मात्र लंडनचा दिला असणार.

यानंतर तपासणी. नळ्या खिडकीकडे धरून आत बघायचं. नळी स्वच्छ असेल तर आत उजेडाची गोल वलयं एकात एक दिसतात. वलय कुठे मोडलं तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेले खड्डे, आणि करडे पट्टे म्हणजे छर्ऱ्यांचं घासून बसलेलं शिसं. घरातला प्रत्येकजण एक डोळा मिटून बघतो आणि प्रत्येकाला वेगळं दिसतं. शेजारचे एक गृहस्थ दरवर्षी बघून "मोतीबिंदू आसा" म्हणतात. तो नळीला की त्यांना, याचा खुलासा ते करत नाहीत.

मग तेलाचा वाद. कोकणात कुठल्याही दुखण्यावर खोबरेल हे पहिलं औषध. आत्या वाटीत तेल घेऊनच येते. खोबरेल थंडीत थिजतं आणि महिनोन्महिने राहिलं की चिकट होतं, हे तिला सांगून उपयोग नाही, कारण तिचे केस सत्तरीतही काळे आहेत आणि बंदूक डागाळलेली. एकाचा पक्ष रॉकेलचा, एकाचा शिलाई मशीनच्या तेलाचा. चुलतभाऊ मोटारसायकलचं जळकं ऑईल सुचवतो, त्याला बाहेर पाठवण्यात येतं.

या सगळ्यांवर मात करणारे म्हणजे आबा. तरुणपणी ठासणीची बंदूक वापरलेला हा म्हातारा ओसरीवर टेकून म्हणाला, "तेल मगे. आधी कडकडीत पाणी घाल तिका." बंदुकीत पाणी! काकांनी डोळे मिटले. पण आबा बरोबर होते, आणि यामागे चांगलं रसायनशास्त्र आहे. काळ्या दारूचा बार झाला की तिच्यातलं निम्म्याहून जास्त द्रव्य वायू न होता राख-क्षारांच्या रूपात मागे उरतं. त्याचाच तो नासक्या अंड्याचा वास. नंतरच्या धूरविरहित दारूने ही राख संपवली, पण जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून जो क्षार उरतो तो जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. मीठ पावसाळ्यात काय करतं ते सांगायला नको. हा क्षार तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेल चोपडा, तो खाली बसून हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंड खातो. पाण्यात मात्र लगेच जातो. ब्रिटिश सैन्यातही रायफलीत उकळतं पाणी ओतायची रीत होती. पाणी कडकडीत हवं, म्हणजे नळी तापते आणि स्वतःच्या उष्णतेने सुकते. थोडक्यात बंदुकीचं अभ्यंगस्नान आपल्या उलट असतं: आधी न्हाण, मग तेल. आता आमचा बंब पेटतो, नळ्या दस्त्यापासून पूर्ण सोडवलेल्या असतात, आणि काकू "उटणं देऊ का?" म्हणून विचारून जाते.

पुसायला चिंधी लागते आणि चिंधीत राजा म्हणजे जुनं मलमलचं धोतर. टी-शर्ट पाणी टिपत नाही, टॉवेल धागे सोडतो. आजोबांची धोतरं मागच्या पिढीपासून पुरवून पुरवून वापरली आणि शेवटी संपली. बंदूक वारशाने मिळते, परवाना रीतसर अर्ज करून आपल्या नावावर होतो, जुनं धोतर कुठून आणायचं? काकांनी बाजारातून नवं धोतर आणलं आणि ते मऊ व्हावं म्हणून स्वतः नेसायला लागले. गावाला वाटलं, मास्तर अध्यात्माकडे वळले. देवळाच्या कमिटीवर त्यांचं नावही लागलं.

त्याच धोतराने पुढे घात केला. चिंधी ढकलायचा गज नेहमी काडतुसाच्या बाजूने घालायचा असतो. दुसऱ्या टोकाला नळी जराशी आवळलेली असते. याला चोक म्हणतात. पूर्ण चोक म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, पण छर्रे दूरवर एकत्र ठेवायला तेवढा पुरतो. आमच्या बंदुकीची डावी नळी उजवीपेक्षा जास्त आवळलेली. उजव्या नळीतून सुळकन गेलेली चिंधी काकांनी डावीत घातली, ती चोकपाशी जी रुतली ती ना पुढे, ना मागे. एकाने नळ्या धरल्या, दोघांनी गज ओढला. आत्याने वाटी पुढे केली. कुणीतरी "एक बार काढा, आपोआप निघेल" म्हणाला. हा सल्ला ऐकला असता तर नळीच फाटली असती. अखेर दोन्ही बाजूंनी रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी तोंडाकडून लाकडी दांड्याने ठोकून चिंधी मागे काढली. नवमीच्या पूजेत देवीपुढे बंदूक होती आणि बंदुकीला रॉकेलचा वास.

इतकं करून ती माळ्यावर टिकते कुठे! निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, प्रत्येक आचारसंहितेला बंदूक गोणत्यात गुंडाळून जाते आणि निकालानंतर दमट खोलीतला ताजा गंज घेऊन परत येते. आचारसंहिता लागल्याचं गावात सर्वांत आधी माकडांना कळतं. शिवाय परवान्याचं नूतनीकरण आहेच. 2019च्या दुरुस्तीनंतर तो तीनऐवजी पाच वर्षं चालतो, ही सरकारची मेहरबानी. काडतुसं खडकीच्या कारखान्यातली, 'शक्तिमान' नावाची. ती डब्यातच म्हातारी होतात.

तुमच्याकडे अशी जुनी बंदूक असेल तर एवढं करा. चिंधी पातळ घ्या, डाव्या नळीत आणखी पातळ. तेल बोटभर पुसा, ओतू नका, आणि बंदूक काही दिवस तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल उतरून दस्त्याचं लाकूड कुजवतं. हात लावायच्या आधी ती उघडून दोन्ही नळ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "रिकामीच आहे" असं सांगणारा तुमचा सख्खा काका असला, आणि त्याने धोतर नेसलेलं असलं, तरीही बघा.