मासळीचे मुन्सफ

ठाण्याच्या खोपट भागात, एस. टी. आगाराच्या आसपास ज्या जुन्या सोसायट्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींत एक तरी गृहस्थ असे सापडतात, की ज्यांनी उमेदीची वर्षे कुठल्यातरी कचेरीत इमानेइतबारे दफ्तर सांभाळण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर शेरे मारण्याची अनावर सवय भागवण्यासाठी मासळीचा संपूर्ण मुलूख आपल्या अधिकारकक्षेत ओढून घेतला. अशा गृहस्थांना आम्ही मुन्सफ म्हणतो.

मत्स्याहार हा रुचीचा नसून दर्जाचा प्रश्न आहे, हे मुन्सफांचे आद्य सूत्र. पापलेट जातिवंत, 2023 साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले, तेव्हा आपल्याच जुन्या निकालावर सरकारने उशिरा का होईना शिक्कामोर्तब केले, अशा समाधानाने ते आठवडाभर वावरत होते. सुरमई आणि रावस हे सरदार. बांगड्याची सुटका तिरफळांच्या जामिनावर. करलीला चव आहे हे मान्य, परंतु काट्यांचा पुरावा तिच्या विरुद्ध जातो. मांदेली वाट्याने विकली जाते, सबब तिची व्यक्तिशः दखल घेण्याचे कारण नाही. ओल्या बोंबलात पाण्याचा अंश अधिक आणि चारित्र्याचा कमी. राहता राहिली आमच्या खाडीतली निवटी; ती ओहोटीला चिखलावर टुणटुण उड्या मारत हिंडते, आणि पाण्यात राहण्याचे साधे कर्तव्यही जो मासा पाळत नाही त्याला सभ्य माणसाच्या ताटात स्थान नाही, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. आपण ती कधी चाखून पाहिली आहे काय, असे एकदा कोणी विचारले असता, मुन्सफाने गुन्हा करून पाहायचा नसतो, असे उत्तर मिळाले.

कवचधारी प्राण्यांविषयी त्यांचे मन विशेष कलुषित आहे. माशाचे डोळे पाहता येतात, कल्ले उचलून लाली तपासता येते. तिसऱ्यांच्या ताजेपणाची साक्ष कोणी द्यावी? हा आक्षेप त्यांनी चेंदणीकडच्या एका कोळणीपुढे भर बाजारात मांडला, तेव्हा तिने टोपलीतल्या आ वासलेल्या एका तिसरीला टिचकी मारली. ती चट्कन मिटली. "काका, तोंड मिटंल ती जिती, उघडी ऱ्हाईल ती मेलेली." साक्षीदाराने तोंड मिटणे हाच त्याच्या सचोटीचा पुरावा मानणारा हा कायदा मुन्सफांच्या पचनी पडला नाही, आणि अर्थातच तिसऱ्याही पडल्या नाहीत. चिंबोऱ्यांना मात्र सवलत आहे. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, ही लोकश्रुती ते वेदवाक्याप्रमाणे मानतात. एरव्ही एकादशी कधी येते आणि कधी जाते याचा ज्यांना पत्ता नसतो, ते ह्या एका कामासाठी पंचांग उघडतात.

सोमवार, गुरुवार आणि शनिवार ह्या न्यायालयाला सुट्टी असते. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्यामुळे दीर्घ सुट्टी. मुन्सफांच्या खऱ्या स्वभावाचा उलगडा व्हायचा असेल तर तो याच काळात होतो. कोकणातून आलेली गाडी आगारात लागते, शेजारच्या बिऱ्हाडात गावाहून सोडे, सुकट आणि सुके बोंबील येऊन पडतात, बाहेर पावसाची झड लागलेली असते, तव्यावर बोंबील खरपूस होऊ लागतो, आणि ज्याला वर्षभर पाणचट म्हणून हद्दपार केले होते त्याच्या वासाच्या अनुरोधाने मुन्सफ सहज म्हणून जिना चढून येतात. वाळवल्यामुळे आरोपीच्या वर्तनात सुधारणा झाली आहे, एवढा शेरा देऊन ते पाट मांडून बसतात. भाकरी तांदळाचीच असावी ही उपसूचनाही त्याच दमात होते. गृहिणींचा अनुभव असा, की निकाल जितका कडक, तितकी भाकरी अधिक लागते.

वाचकांपैकी कोणाला खोपटला बिऱ्हाड करण्याचा योग आला, तर एक विनंती आहे: रविवारी बाजारातून परतताना मासळीची पिशवी जिन्यात उघडून दाखवू नये. तपासणी फुकट होते हे खरे, परंतु मुन्सफ अंमलबजावणी पाहिल्याशिवाय उठत नाहीत, आणि अंमलबजावणी साधारण दीडच्या सुमारास ताटे मांडल्यावर सुरू होते.