बिनहौशी मालकाच्या शोधात

जुनी फोर-बाय-फोर घेऊन तिच्यावर मनासारखं काम करून घ्यायचं ठरवलेल्या माणसाला जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो: जिप्सी, थार की जुनी जीप? या प्रश्नावर लोक हिरिरीने भांडतात, आणि भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे स्कूटर असते. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. तिन्ही गाड्या चांगल्या आहेत, तिन्हींचे सुटे भाग मिळतात, तिन्ही चिखलात रुततात. गाडी कोणती यापेक्षा ती आजवर कोणाकडे होती हे आधी पाहावं. आणि ज्याला गाडीची काडीचीही हौस नव्हती अशाच मालकाची गाडी घ्यावी. हौशी माणसाने हौशी माणसाची गाडी घेणं म्हणजे त्याने जिथे पैसे संपले म्हणून काम थांबवलं, तिथून पुढे आपले पैसे घालायला सुरुवात करणं.

‘फुल्ली मॉडिफाइड, दोन लाखांचं काम केलेलं’ अशी जाहिरात वाचून आपल्याला वाटतं की चला, दोन लाख वाचले. ते वाचत नाहीत, कारण या गाड्यांवरचं कुठलंही काम एकटं येत नाही. गाडी उंच करण्याचंच घ्या. २०१० साली आलेल्या पहिल्या थारच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार होते. त्यांचे बोल्ट आवळले की गाडीचं नाक वर येतं, खर्च जवळजवळ शून्य, म्हणून हे काम गल्लोगल्ली झालं. पण मग चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच उरत नाही, अ‍ॅक्सलचे रबरी बूट तिरके होऊन फाटतात, आत माती जाते आणि बॉल जॉइंट वाजायला लागतात. म्हणजे गाडी दिसायला ऑफ-रोड झाली आणि वागायला पहिल्यापेक्षा वाईट झाली. जिप्सीला पुढेमागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. तिथे हौशी माणूस अ‍ॅक्सलच्या खालचे पाटे काढून वर बसवतो, गाडी चांगली टोलेजंग होते, आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन इतका बिघडतो की ‘क्रॉस’ बदलणं हा घरखर्चाचा भाग बनतो. ब्रेकची नळी तोकडी पडते, स्टिअरिंगच्या दांड्या वाकड्या कोनात ओढू लागतात. त्या उंचीला मूळचे टायर केविलवाणे दिसतात म्हणून मोठे टायर येतात. टायरचा व्यास दहा टक्के वाढला की स्पीडोमीटरवर साठ असताना गाडी खरी सहासष्टने पळत असते आणि गिअर सगळे जड होतात. जिप्सीला १९९६ पासून मिळालेलं १.३ लिटरचं इंजिन गोड आहे, पण ते एक टनाच्या आसपासची हलकी गाडी ओढायला दिलेलं होतं. हलकेपणा हाच तर जिप्सीचा सगळा गुण. लष्कराला ती वर्षानुवर्षं उगीच आवडली नाही. तिच्या पुढे पोलादी बंपर, बंपरवर पस्तीस-चाळीस किलोची विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर फावडं आणि दोन कॅन चढवले की तो गुण संपला. कॅन बहुतेक रिकामेच असतात, हा भाग वेगळा.

यात आपलं आरटीओ अजून आलेलंच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलांत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावलं, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचून फुल्ली मॉडिफाइड गाडीकडे पुन्हा एकदा पाहावं. मग ती जाहिरात निराळ्याच हिशेबासारखी वाटू लागते. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे, कारण त्याने एअरबॅगचं गणित चुकतं आणि पायी चालणाऱ्याची हाडं मोडतात. जुन्या जीपमध्ये तर इंजिनच दुसऱ्या जातीचं निघतं. आरसीवर एक नंबर, बॉनेटखाली दुसरा, आणि विकणारा सांगतो, ‘साहेब, कोण बघतंय?’ कोणी बघत नाही हे खरं. अपघात होतो, विमा कंपनीचा माणूस येतो, आणि तो मात्र बघतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. हौशी माणूस गाडीला जपतो, ऑइल वेळेआधी बदलतो, प्रत्येक खुटखुट त्याच्या कानाला कळते; बिनहौशी माणूस दिवा लागेपर्यंत सर्व्हिसिंगच करत नाही. कबूल. पण जपणारा माणूस जपून ठेवलेली गाडी दर रविवारी ओढ्यात घालतो, हेही त्याच वाक्यात जोडायला हवं. अशा गाडीच्या डिफरन्शियलचा बोल्ट काढून ऑइल पाहावं. ते दुधाळ निघालं तर पाणी आत जाऊन आलेलं आहे, मग इंजिन ऑइल कितीही सोनेरी असो. शिवाय हौशी माणूस स्वतःच्या हाताने वायरिंग करतो. टपावर सहा दिवे, आत कॉम्प्रेसरचं बटण, वायरलेसचा खोका, आणि या सगळ्यांच्या वायरी काळ्या चिकटपट्टीने एकत्र नांदत असतात. रात्री बॅटरी कुठे उतरते याचा शोध पुढच्या मालकाने घ्यायचा असतो. हौशी विक्रेत्याचा एक मोठा उपयोग मात्र आहे. त्याला त्या जातीच्या गाडीची सगळी दुखणी तोंडपाठ असतात आणि तो ती चहासकट सांगतो. त्याच्याकडे अवश्य जावं, दोन तास ऐकावं, आणि गाडी दुसऱ्याची घ्यावी.

आता बिनहौशी मालक सापडतो कुठे? इथे गल्लत होते, कारण हौस नसणं आणि गाडी न वापरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सांगली-साताऱ्याकडे वडाप चालवणाऱ्या जीपवाल्याला गाडीची हौस मुळीच नसते, पण त्याच्या गाडीत माणसं मोजायची पद्धत नसते आणि तिची चासी ते सगळं लक्षात ठेवते. ती घेऊ नये. गोव्यात भाड्याने फिरलेली थारही तशीच फसवी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या त्या गाडीचा मालक बिनहौशी, अगदी आदर्श. पण भाडेकरू रोज नवा, आणि त्याची आयुष्यभराची हौस त्याला चोवीस तासांत भागवायची असते. त्यातल्या कित्येकांना ती समुद्राच्या पाण्यालगतच भागवायची असते. भरती आली की ट्रॅक्टर बोलावला जातो, गाडी निघते, व्हिडिओ निघतो, आणि मीठ चासीच्या पोटात राहतं. किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाडी रुतल्यावर तर फारच चांगलं ठाऊक असतं. एरवीही कोकणातली गाडी म्हटली की पायाखालचं मॅट उचलून पत्रा पाहावा, मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे चासीला बसतात तिथे पान्याने ठोकून पाहावं. टणटण वाजलं तर ठीक. भुसकट पडलं तर नमस्कार करून निघावं. आणि खालून सगळीकडे ताजा काळा रंग दिसला तर ठोकायचीही गरज नाही. सरकारी खात्यांच्या लिलावातली गाडी हौसेच्या दृष्टीने निष्कलंक असते, पण तिचे भाग टेंडरने बदललेले असतात, आणि काही भाग फक्त कागदावर. खरा मासला म्हणजे बागाईतदार, आडगावचा डॉक्टर, खाणीवरचा किंवा कारखान्यावरचा अधिकारी: रस्ता खराब म्हणून ज्याने नाइलाजाने ही गाडी घेतली आणि गावाचा रस्ता डांबरी झाल्याबरोबर जो ती विकायला निघाला. त्याच पंक्तीत दिल्लीकर येतो. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या कोरड्या हवेतल्या गाड्या इकडे येऊ लागल्या. त्या मालकाला हौस असो वा नसो, लवादाने ती उतरवली. फक्त फॉर्म २८ ची एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि महाराष्ट्रात पुन्हा भरायचा कर, हे किमतीत आधीच धरावं. नाहीतर स्वस्त गाडी पासिंग होईपर्यंत महाग होते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. बिनहौशी माणूस फोर-बाय-फोरचा दांडा कधी ओढतच नाही, त्यामुळे सगळी यंत्रणा जाम होऊन बसलेली असते. अगदी बरोबर. काही मालकांना तर तो दुसरा दांडा कशाचा हेच माहीत नसतं आणि त्याच्यावर टोपी टांगलेली असते. पण जाम दांडा, सुकलेली ऑइल सील, अडकलेले पुढच्या चाकांचे हब, ही दुरुस्ती ठरावीक खर्चाची असते. मेस्त्री आकडा सांगतो आणि साधारण त्याच आकड्याच्या दीडपटीत काम होतं. हौशी माणसाच्या गाडीचा आकडा सांगायला मेस्त्रीही कचरतो. गाडीत मुळात तो दांडा आहे की नाही हे मात्र आधी पाहावं. जुन्या जीपा फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय भरपूर विकल्या गेल्या, आणि २०२३ पासून थारही फक्त मागच्या चाकांवर चालणारी मिळते. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. खाली वाकून पुढच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल आहे का हे डोळ्यांनी पाहणं एवढाच इलाज. ते असलं तर गाडी मातीवर न्यावी, लो-रेंजमध्ये घालावी आणि पायडल न दाबता चढावर सोडावी. डांबरावर ही परीक्षा घेऊ नये. पुढची आणि मागची चाकं वळणावर सारखं अंतर कापत नाहीत, ताण सगळा गिअरांवर येतो, आणि विकणारा त्या वेळी आपल्या शेजारी बसलेला असतो.

मग मॉडिफिकेशन करायचंच नाही का, असा तिसरा सवाल उरतो. करावं, पण ज्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत त्यांपासून सुरुवात करावी: ब्रेक, पाट्यांचे बुश, स्टिअरिंगचे जॉइंट, सगळी ऑइलं, सीटबेल्ट. मग कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापाचेच, पण मातीत पकडणाऱ्या नक्षीचे टायर. एवढ्यावर सह्याद्रीतल्या ज्या वाटांवर गाडी नेणं कायदेशीर आहे त्या बहुतेक वाटा ही गाडी चढते. ज्या चढत नाही त्या वनखात्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या असतात, नाहीतर कासच्या सड्यासारख्या असतात, जिथे चाकांचा एक माग कित्येक पावसाळे पुसला जात नाही. शेवटी ओढून काढायचा हूक, चासीला धरून, जाड बोल्टाने. तो पुढे असावा की मागे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. ट्रॅक्टर कुठल्या बाजूने येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोन्हीकडे बसवावा.